खंडेनवमीचं ताट

पूजेचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं ते बाळूदादानं. खंडेनवमी होती, अख्खी लाइन थांबलेली. आमच्या चाकणच्या कंपनीत त्या दिवशी ज्याची मशीन त्यानंच तिला हळदकुंकू लावायचं, ही रीत. सात वर्षं माझी मशीन मीच पुजली होती.

“ताई, तू लांब ऱ्हा. बायका घाबरत्यात,” तो म्हणाला.

कशाला घाबरतात, हे विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या नजरा माझ्या सुजलेल्या बोटांवर.

बाळूदादा आमचा सुपरवायझर. महाळुंग्याचा, जमीनजुमल्याच्या घरातला. मी लातूरकडची, भाड्याच्या खोलीतली. दर राखीला मी त्यालाच बांधायची. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्याला एकट्याला सगळं सांगितलं. नवऱ्याकडून मला एचआयव्ही आला. नवरा गेला. मी रोज गोळ्या घेते, रक्तात विषाणू आता सापडतही नाही. पण गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती उभी राहिली आणि ती माझ्याच सांध्यांवर उलटली. सकाळी मूठ वळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून एवढंच मागितलं, की काही दिवस तयार माल तपासायच्या टेबलावर बसव.

“काळजी करू नको, तुझा भाऊ हाय ना,” म्हणाला. आणि लाइनभर सांगत सुटला. मेल्याला मी ओवाळलं होतं!

मला रडू आलं नाही. संताप आला. ताट त्याच्या हातातून ओढलं, निम्मं कुंकू फरशीवर सांडलं. उरलेलं मशीनला लावलं आणि मोठ्यानं बोलले, “हो, मला एचआयव्ही आहे. हात लावल्यानं होत नाही. बोटं सुजलीत ती दुसऱ्या दुखण्यानं. तेही कुणाला लागत नाही.”

पेढे वाटले, ते माझ्यापर्यंत आले नाहीत.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर ऑफिसात बोलावलं. राजीनामा टाइप करून तयार. साहेब म्हणाले, “तुमच्याच भल्यासाठी.” शेजारी बाळूदादा. “सही कर ताई, इज्जतीत जा.”

इज्जत ठेवली होती कुठं त्यानं?

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर तक्रार लिहिली. माझा आजार मला न विचारता चारचौघांत सांगितला, त्यावरून मला काढताहेत, आणि दोन्हीला कायद्यात मनाई आहे. बोटं ठणकत होती, अक्षर वाकडंतिकडं आलं. साहेब घड्याळ बघत होते. बघू दे. सुपरवायझरचं पूर्ण नाव घातलं. खाली माझं.

“उद्या पहिल्या शिफ्टला येतेय,” मी म्हणाले. “काढायचं तर कारण लिहून काढा.”