सिनेमाअक्काची परीक्षा

आमच्या अक्काचा माणसांच्या बोलण्यावर काडीचा विश्वास नव्हता. "माणूस देवळात खोटं वागतो, लग्नाकार्यात तर वागतोच," ती म्हणायची, "पण थेटरात दिवे गेले की खरा वागतो. आपल्याला कोण बघत नाही असं वाटतं ना त्याला." अक्का बघायची. पडदा सोडून ती शेजारच्याचं तोंड बघत बसायची, आणि बाहेर आल्यावर त्या माणसाबद्दल तिनं जे सांगितलं ते चुकलेलं मला तरी आठवत नाही.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्ही भाचरंही आत्या वगैरे सोडून अक्काच म्हणायला लागलो. पुढं सगळी चिकपेट, म्हणजे आमची पेठ, तिला सिनेमाअक्का म्हणायची. आमचं घराणं बेंगळुरात तीनशे वर्षं मुरलेलं. पूर्वज कुठल्याशा फौजेच्या मागून आले, फौज परत गेली तरी हे इथंच राहिले, बहुतेक हवा मानवली म्हणून. अक्का सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि माडीवरच्या खोलीत राहिली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती. पन्नास सालानंतर कधीतरी, आजी गेल्यावर, तिनं एका सकाळी अण्णांना सांगितलं, "राघू, मी आजपासून पिक्चरला जाणार. लाज वाटत असेल तर तू येऊ नकोस." अण्णा पेपरातून मान वर न काढता कानडीत म्हणाले, "सरी," म्हणजे बरं.

नवा पिक्चर शुक्रवारी लागायचा. शुक्रवारीच बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवा लावायचा तिचा नेम. बनशंकरी तेव्हा गावाबाहेर होती, आजूबाजूला नाचणीची शेतं. राहुकाळ साडेदहा ते बारा, मॅटिनी अडीचला. मध्ये बस मिळायला आणि डब्यातला दहीभात खायला बरोबर वेळ. "देवीनंच वेळा जुळवून दिल्यात, मी काय करू," असं ती आईला सांगायची. आईला हे पटायचं नाही, पण देवीला मध्ये घातल्यावर बोलायची सोय राहायची नाही.

तिची मतं पक्की होती. रडायचं असेल तर तामिळ, देव बघायचे तर तेलुगू, गाण्यांना हिंदी. कन्नड पिक्चर म्हणजे घरचं कार्य, आवडो न आवडो, जायचं. कँटोन्मेंटात जाऊन ती इंग्रजी पिक्चरही बघायची. एक अक्षर कळायचं नाही, पण म्हणायची, "त्यांच्या बायका शहाण्या आहेत बघ. मनासारखं झालं नाही की पेटी भरतात आणि सरळ स्टेशनवर जातात. रडायचं ते गाडीत." मराठी पिक्चर आमच्या नशिबी वर्षातून दोन-तीनदा, इथल्या मराठी मंडळानं रविवारी सकाळी ठेवला तर. तो बघून आल्यावर तिचं मत ठरलेलं: "चांगला होता. पण इतकं भरभर बोलतात, सगळं पाठ केलेलं वाटतं. त्यांचं मराठी स्वल्प कच्चंच आहे."

हिरोंवर तिचा राग होता. "हा पोटाला काय करतो, ते एकदा दाखवा म्हणावं. खलनायक तेवढा एकटाच बिचारा सकाळी उठून कामाला लागतो." बागेतल्या गाण्यांबद्दल म्हणायची, "मी लालबागेत इतकी वर्षं जाते, झाडाभोवती पळणारं एक माणूस दिसलं नाही. माळी शिट्टी मारतो लगेच." पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावरची आई खोकली की ती शेजारणीला सांगायची, "हिच्यात जीव लावू नका, ही इंटरव्हलपर्यंतची." आणि चष्मेवाला दिसला की एकच वाक्य: "चष्मा म्हणजे डॉक्टर, नाहीतर हिरोचा मित्र. नवरा कधीच नाही." हे शेवटचं वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं, आणि त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

शनिवारी दुपारी मागच्या पडवीत अक्काचा खेळ असायचा. गल्लीतल्या बायका सुपात तांदूळ घेऊन निवडायला म्हणून यायच्या आणि अक्का कालचा पिक्चर सांगायची. पिक्चर अडीच तासांचा असला तर हिचा साडेतीन तासांचा. मध्ये इंटरव्हल, त्यात कॉफी. गाणी ती म्हणायची नाही, "इथं एक गाणं आहे, बरं आहे," एवढंच; पण भांडणं साग्रसंगीत व्हायची. ज्या बायकांनी उभ्या जन्मात थेटराची पायरी चढली नव्हती, त्या नळावर पाणी भरताना नट्यांच्या वागण्यावर वाद घालायच्या. मी तेव्हा टायपिंगच्या नोकरीला लागले होते. आठवड्याला एकदा थेटरात जायला मला कुठली सवड. माझेही बहुतेक पिक्चर पडवीतच बघून झाले.

आता परीक्षेकडं येते. आमच्या घरात मुलगी द्यायची तर पत्रिका, घराणं, पगार हे सगळं अण्णा बघायचे. पण शेवटचा शब्द अक्काचा. ती मुलाला पिक्चरला घेऊन जायची, आणि परत आल्यावर कॉफी देऊन म्हणायची, "आता ह्या घरच्यांना सांगा बघू, काय बघितलंत ते." झाली परीक्षा. माझ्या थोरल्या बहिणीसाठी, नलूसाठी, तीन मुलं अशी बसली. पहिल्यानं नुसत्या मारामाऱ्या सांगितल्या. अक्का म्हणाली, "ह्याला घरात चार माणसं आहेत हेसुद्धा कळायचं नाही." दुसरा म्हणाला, "विशेष काही नव्हतं." त्याच्यावर अक्का आठवडाभर चिडलेली होती. "एवढी माणसं समोर अडीच तास रडली, आणि ह्याला विशेष नव्हतं. उद्या बायको बाळंत झाली तरी विशेष नसेल." तिसऱ्यानं स्वयंपाकिणीचं काय झालं हे आठवणीनं सांगितलं. नलू आज त्याच्या घरी सुखात आहे.

माझ्यासाठी स्थळ आलं वसंताचं. निपाणीचा मुलगा, इथं एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, मराठी-कन्नड दोन्ही सारखंच अस्खलित. स्थळ आलं असं घरचे म्हणायचे. खरं म्हणजे मंडळाच्या वाचनालयात रविवारी मासिकं चाळताना आमची ओळख सहा महिने आधीच झाली होती. तो मासिक अगदी नाकाला टेकवून वाचायचा, चष्मा बाटलीच्या बुडासारखा. मला तो आवडला होता, अगदी मनापासून, आणि तो नाही तर दुसरा कोणी नाही इथपर्यंत माझं गेलं होतं. पत्रिका जमली. अण्णा म्हणाले, "मुलगा बरा आहे. अक्का काय म्हणते बघू." मला अक्काचं चष्म्याचं वाक्य आठवलं.

अक्का परीक्षेला नेहमी स्वतः बघून झालेलाच पिक्चर निवडायची. "म्हणजे मला मुलाकडं बघायला मोकळीक." ह्या खेपेला तामिळ पिक्चर होता, भावंडांचा, रडका. मी तो बघितला नव्हता, पण दोनच शनिवारांपूर्वी पडवीत ऐकला होता आणि मला तो शब्दन् शब्द येत होता. मग काय, वाचनालयात एका रविवारी मी वसंताला सगळी गोष्ट पढवली. धाकटा भाऊ, त्याची गर्विष्ठ बायको, घरातून हाकललेली विधवा बहीण, म्हातारा गडी. कुणाला विसरायचं नाही, गड्याला तर अजिबात नाही. शेवटी भावाला पश्चात्ताप होतो, तो बहिणीला परत आणतो आणि माडीवरची खोली देतो. वसंताला तामिळ येत नव्हतं, त्यानं निमूटपणे दोनदा म्हणून दाखवलं. वर मी त्याला बजावलं, "आणि चष्मा लावू नकोस."

"मग मला दिसेल कसं?" त्यानं विचारलं.

"दिसायची गरजच काय? पाठ आहे ना?"

ठरल्या दिवशी अण्णा, अक्का आणि वसंत मॅटिनीला गेले. अण्णांची थेटरातली रीत अशी, की सुरुवातीची नावं संपायच्या आत ते झोपायचे आणि परतीच्या रिक्षात ताजेतवाने व्हायचे. संध्याकाळी तिघं परत आले. मी आणि आई स्वयंपाकघराच्या दाराआड. कॉफी झाली. अक्कानं नेहमीचं वाक्य टाकलं, "आता सांगा बघू."

वसंतानं सांगितलं. इतकं छान सांगितलं की दाराआड माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. भाऊ आला, गर्विष्ठ बायको आली, म्हाताऱ्या गड्यावर तर तो दोन मिनिटं बोलला. "आणि शेवटी भावाचे डोळे उघडतात," तो म्हणाला, "तो बहिणीला घरी आणतो आणि माडीवरची खोली देतो."

अक्काच्या हातातला कॉफीचा पेला तिथंच थांबला. तिनं सावकाश मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. फटीतून तिचे माझे डोळे भिडले. काहीतरी चुकलं एवढं मला कळलं. काय चुकलं ते मात्र काही केल्या कळेना.

"तुम्ही असा शेवट बघितलात?" अक्कानं विचारलं.

"हो," वसंत म्हणाला.

"सरी. मग पुढं?"

"पुढं?"

"खोली मिळाली. पुढं दिवसभर काय करते ती, त्या खोलीत?"

हे मी पढवलं नव्हतं. वसंतानं खिशात हात घातला, चष्मा काढला, पुसला आणि लावला. झालं, मी मनात म्हटलं, लग्न मोडलं. चष्मा लावून त्यानं अक्काकडं नीट बघितलं, बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच.

"मला वाटतं, सकाळी तिला काम पुरत असेल," तो अडखळत म्हणाला. "दुपार जड जात असेल. मग भावाची पोरं जिना चढून येत असतील, दंगा करत असतील. शेजारच्या बायका येत असतील. खोली हळूहळू तिचीच होत असेल." मग जरा थांबून म्हणाला, "आणि फारच कंटाळा आला, तर ती कशाला कुणाची वाट बघेल? उठेल आणि जाईल कुठंतरी. सिनेमाला."

अण्णा खो खो हसले. अक्का हसली नाही. ती उठली, रिकामा पेला घेऊन आत आली, माझ्या अंगावरून पुढं गेली आणि मोरीत पेला विसळत उभी राहिली. पेला एक, पण विसळायला तिला बराच वेळ लागला.

पाहुणे गेल्यावर निकाल लागला. "डोळ्यानं अधू, तामिळ शून्य," अक्कानं अण्णांना सांगितलं. "पोरगी शिकवते आणि हा मुकाट शिकून येतो. असा नवरा चालवायला सोपा. देऊन टाक." पढवल्याबद्दल मला ती एक शब्द बोलली नाही. कसं ओळखलंस, असं मी दोन-तीनदा विचारलं, तर म्हणाली, "साकु, चटणी वाट."

लग्न झालं. तो पिक्चर गावात अजून मुक्काम ठोकून होता. वसंत म्हणाला, "चल, आपला पिक्चर एकदा डोळ्यांनी बघू." गेलो. भाऊ आला, बायको आली, म्हातारा गडी आला, सगळं पडवीतल्यासारखं. मग भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी, अपशकुन नको म्हणून बाहेर ठेवलेली ती बहीण उठली, आणि विहिरीकडं चालू लागली. मी म्हटलं आता भाऊ येईल. भाऊ आला, पण उशिरा. वसंत माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, ही तर गेली."

दिवे लागले तरी आम्ही बसून होतो. मी मनातल्या मनात एकेक शनिवार मागं जात होते. तामिळ, तेलुगू, हिंदी, कँटोन्मेंटातले इंग्रजी. किती आजारी नणंदा, किती परत आलेल्या लेकी, किती पांढऱ्या साड्यांतल्या सुना. आमच्या पडवीत दहा वर्षांत एकही विधवा मेली नव्हती. आणि हे गल्लीत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मला तिची इतकी माया आली, आणि स्वतःचा इतका राग आला, की मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंना वाटलं पिक्चर लागला जिव्हारी.

पुढच्याच महिन्यात वसंताला हुबळीत चांगली नोकरी लागली. निघायच्या दिवशी सकाळी अक्का माडीवर माझ्यासाठी चटणीपूड डब्यात दाबून भरत होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हटलं, "अक्का, आम्ही तो पिक्चर बघितला. ती बहीण शेवटी मरते की गं."

अक्कानं डब्यावर कागद घातला, त्यावर झाकण ठेवलं आणि तळहातानं दाबून बसवलं.

"मेली होय?" ती म्हणाली. "मी दोनदा गेले. दोन्ही वेळेला जिवंत होती."

मी वाकून तिच्या पाया पडले, आणि मला लवकर उठवेना.