कॅमेऱ्याचं झाकण

१४ फेब्रुवारी १९८४, मंगळवार. बोरिवली, विकायला काढलेला एक रिकामा बंगला. हजर : नाना (दिग्दर्शक), सावंत (कॅमेरा), शैला (भूत), फिलोमिना (मदतनीस), मी (यादी). गैरहजर कोणी नाही.

ही हजेरी माझ्याच वहीतली. त्या दिवशी मी काय केलं ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – घरात नाही, नानांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. पाच वर्षं झाली. आता तुम्हाला सांगते.

आधी माझं काम. नाना भुताचे छोटे सिनेमे काढायचे, जेमतेम सामानात. मी आठ वर्षं त्यांच्याकडे होते. प्रत्येक शॉटआधी मी यादी मोठ्याने वाचायची. ज्याचं काम असेल त्याने ते करायचं, ‘झालं’ म्हणायचं, मग मी बरोबरची खूण करायची. मी वाचल्याशिवाय कुणी खुर्चीसुद्धा हलवायची नाही – हा दंडक मीच घालून दिला होता. नाना म्हणायचे, "बाई आहेत म्हणून आपण आहोत." हे वाक्य मला किती हवं असायचं, ते फिलोमिना – आमची फिलू – आल्यावर कळलं.

फिलू मरोळच्या गावठाणातली, तिशी ओलांडलेली. आली ती कपड्यांना इस्त्री करायला. पहिल्याच आठवड्यात तिने फळीला बेअरिंगची चार चाकं ठोकली, शैलाला वर उभं केलं, साडीचा घोळ जमिनीपर्यंत सोडला आणि दोरीने ओढलं. भूत पाय न हलवता सरकत गेलं. मग तिने लेन्सपुढे मच्छरदाणीचा तुकडा ताणला. करवंटीत धूप घालून खोलीत धुकं केलं. सगळं साधं, घरातलं. मला का सुचलं नाही? आठ वर्षं तीच मच्छरदाणी माझ्या सामानाच्या यादीत होती – ‘मच्छरदाणी, नग एक’ – आणि मी नुसती खूण करत होते.

हळूहळू नाना "बाई, पुढे काय?" विचारायचे थांबले. "फिलू, कसं करू या गं?" असं विचारू लागले. ती हसून सांगायची. मी लिहून घ्यायची.

मग तिने आरपार दिसणारं भूत सुचवलं. तिच्या मामाच्या फोटो स्टुडिओत चुकून एकाच फिल्मवर दोन फोटो पडले होते – "ताई, एका नवऱ्याला दोन नवऱ्या आल्या, दोघीपण रडायला लागल्या" – त्यावरून. आधी रिकामी खोली घ्यायची. मग लेन्सवर झाकण लावून तीच फिल्म कॅमेऱ्यातच हाताने मागे फिरवायची. मग काळा पडदा लावायचा, त्यापुढून पांढऱ्या साडीतली शैला चालवायची. काळं फिल्मवर उमटत नाही, पांढरं उमटतं. खोलीत शैला दिसणार आणि तिच्या अंगातून मागची खिडकीही.

नाना इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सिनेमाच्या नावांच्या पाट्यांमध्ये तिची वेगळी पाटी येणार. ‘भुताची दृश्ये – फिलोमिना’. माझं नाव आठ वर्षं ‘सहकार्य’ या गर्दीत, बारीक अक्षरात. मी टाळ्या वाजवल्या. त्या रीतसर वाजवल्या, हे मला आठवतं.

मंगळवारी दुपारी रिकामी खोली घेऊन झाली. माझ्या यादीत पुढे चार ओळी होत्या. कॅमेरा घट्ट. आकडा, म्हणजे किती फिल्म फिरली ते. झाकण. फिल्म मागे. झाकण हरवू नये म्हणून फिलूने दोरीने गळ्यात अडकवलं होतं. ती शैलाच्या साडीला पिना लावत होती, दातांत दोन पिना, कान माझ्याकडे. सगळ्यांचेच कान माझ्याकडे असायचे.

मी वाचलं, "कॅमेरा घट्ट." सावंत म्हणाला, झालं. "आकडा." झालं.

मग माझी नजर तिसऱ्या ओळीवर गेली – नुसती गेली नाही, थांबली. आणि मी वाचलं, "फिल्म मागे."

सावंत हँडल फिरवत मोठ्याने मोजू लागला. मी खोलीतच, कॅमेऱ्यासमोर उभी होते. उघड्या लेन्समध्ये खिडकीचा उजेड चमकत होता. तो साठपर्यंत मोजत होता. वीसला बोलता आलं असतं. चाळीसला आलं असतं. मी वही छातीशी धरून लेन्सकडे बघत राहिले. मग चारही ओळींपुढे खूण केली.

विसरले असते तर हा कबुलीजबाब कशाला लिहिला असता?

फिल्म धुऊन आली ती आम्ही शुक्रवारी अंधेरीत पाहिली. पडद्यावर पांढरा धुरळा. शैला त्यात विरघळून गेलेली. आणि त्या धुरळ्यात, अगदी स्थिर, आरपार, हातात वही घेऊन आमच्याकडे बघणारी एक बाई. फिल्म मागे जाताना उघड्या लेन्सने मलाच टिपलं होतं.

अंधारात फिलू म्हणाली, "काय गो ताई, भूत तूच झालीस की."

सगळे हसले. मग दिवे लागले आणि कुणी हसेना. नाना म्हणाले, "झाकण?" फिलूचा हात गळ्याकडे गेला. "ताईनी वाचलं नाही, मला वाटतं," ती म्हणाली. मी वही उघडून पुढे केली. ‘झाकण’ – पुढे बरोबरची खूण.

"यार फिलू, वहीत आहे म्हणजे वाचलंच असणार," सावंत म्हणाला.

फिलू त्या खुणेकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "माझ्याच कानांना काय झालं होतं कोण जाणे. सॉरी, ताई."

तिने माझी माफी मागितली. मी म्हटलं, "असू दे, होतं असं."

बंगला तोवर नव्या मालकाच्या ताब्यात गेला होता, शैला नाटकाच्या दौऱ्यावर. शेवटी चाकांच्या फळीवरचं भूतच सिनेमात गेलं आणि लोक त्याला हसले. वेगळी पाटी आली नाही. पुढच्या सिनेमाला नानांनी फिलूला बोलावलं नाही. मला बोलावलं. "बाई आहेत म्हणून," ते म्हणाले. आणि मला बरं वाटलं – पुढचे काही महिने मी खरंच मजेत होते. हेही सांगायलाच हवं.

फिलू आता मरोळला मामाच्याच स्टुडिओत आहे. गेल्या महिन्यात मी तिथे गेले, सांगायचं ठरवून. पासपोर्टचा फोटो हवाय म्हणाले. तिने मला स्टुलावर बसवलं, हनुवटी सरळ केली. मग कॅमेऱ्यामागून हसून म्हणाली, "झाकण काढलंय हां ताई, दोनदा बघितलं. तेव्हापासून सवयच लागली मला."

मी हसले. तिने फोटो काढला. पावती घेऊन मी घरी आले.

वहीत स्टुडिओत गेले त्या दिवसाच्या पानावर दोन कामं आहेत. फोटो आणणे. फिलूला सांगणे. दोन्हींपुढे खूण नाही.