शटर पाडायचं नाही!

कुलसुमभाबी गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. त्यांचा जावई जिना चढून आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, अम्मी पहाटे गेली. दुपारी जोहरच्या नमाजानंतर माती आहे." मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "नसीमने सांगितलंय, दुकान उघडा." नसीम म्हणजे भाबींची एकुलती एक मुलगी. मी किल्लीकडे बघतच राहिलो... आई घरात निपचित पडलेली, माणसं अजून जमायची आहेत, आणि पोरगी दुकान उघडायला सांगते!

आमच्या बाजारात कुणी व्यापारी गेला की त्या दिवशी सगळी शटरं खाली येतात. कुणाला सांगावं लागत नाही. भाबी गेल्या त्या दिवशी मात्र आमच्या मजल्यावरचं एकही शटर खाली आलं नाही, भाबींचं स्वतःचंसुद्धा नाही. झालं, गावभर बोंब! "एवढी बाई गेली, एक दिवस दुकान बंद ठेवता आलं नाही यांना?" नाक्यावर चहा पिताना मला तोंडावर ऐकवलं. एका गृहस्थांनी तर माझी माणुसकीच काढली. महिना उलटून गेला तरी बोलतायत. बोलू देत. पण मी गप्प बसलो तर भाबी जिथे असतील तिथून मला झापतील, म्हणून हे लिहायला बसलोय. मी लेडीज टेलर. माझा हात कात्रीवर चालतो, पेनावर नाही, तेव्हा कुठे शिवण वाकडी गेली तर सांभाळून घ्या.

पालिकेचं आमचं व्यापारी संकुल स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लोक त्याला अजून 'नवं मार्केट' म्हणतात, गिलावा पडून आतल्या सळ्या दिसायला लागल्या तरी. खालच्या गाळ्यांना नेहमीच भाव, वर जिना चढून यायला कुणी तयार नसायचं. अठ्ठ्याण्णव साली, गणपतीच्या तोंडावर, माझ्या डोक्यावर ब्लाउजांचा डोंगर असताना एक ठेंगणी, चष्मा गळ्यात अडकवलेली बाई दारात येऊन म्हणाली, "मास्तर, शेजारचा गाळा मी घेतलाय. मॅचिंग सेंटर काढतेय. तुमचं गिऱ्हाईक माझं, माझं तुमचं." मी मान वर न करता म्हटलं, "इथे वर कोण येतंय मरायला?" तर म्हणाल्या, "मी आले ना?" त्यांचे मिस्टर जहाजावर. घरात काही कमी नव्हतं, सासरच्यांना हे दुकानाचं खूळ अजिबात पसंत नव्हतं. पण नवरा सहा-सहा महिने समुद्रावर असताना मी काय गच्चीत बसून लाटा बघू, असं त्या सासूला तोंडावर विचारून आल्या होत्या.

अस्तर, फॉल, लेस, बटणं, रिळं आणि ब्लाउजपीस. एवढ्याशा गाळ्यात छतापर्यंत रंगच रंग. पण बाई दुकानात रंग दाखवायच्याच नाहीत! गिऱ्हाइकाने साडी काढली की त्या तीन-चार पीस काखेत मारायच्या आणि तिला घेऊन बाहेर गॅलरीत. "ट्यूबलाइट लबाड असते गो. उन्हात बघ." मग गॅलरीच्या कठड्यावर साडी पसरून एकेक पीस लावून बघायचा. मजेंटा कुठला, राणी कुठला, मोरपिशी कुठला, तिथेच ठरायचं. त्यापायी त्या माझ्या गिऱ्हाइकांचा अर्धा तास खायच्या आणि मी आतून ओरडायचो, "भाबी, लग्न जुळवताय की अस्तर?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "लग्न चुकलं तर निभावता येतं मास्तर, हिरव्यावर पोपटी लागलं तर सगळं हळदीकुंकू बघत बसतं." एकदा मी त्यांना न विचारता आतल्या आत एक अस्तर पसंत केलं आणि ते उन्हात भलतंच निघालं. तेव्हापासून वर्षानुवर्षं ते मला ऐकवलं जायचं.

कोकण रेल्वे सुरू झाली होती. लोक म्हणाले, आता गाव सुधारेल. सुधारलं ते असं, की लग्नाचा बस्ता बांधायला माणसं थेट दादरला जायला लागली. मारुती मंदिराच्या बाजूला काचेची दुकानं आली. आमच्याकडे पावसाळ्यात वरचा स्लॅब गळायचा, जिन्याचे कोपरे पानाने लाल, लिफ्टच्या खड्ड्यात लिफ्ट कधी आलीच नाही. एकेक गाळा रिकामा झाला. आणि मग सभेत, पेपरात, चहाच्या टपरीवर एकच शब्द... मॉल. जुनं पाडा, मॉल बांधा.

त्यासाठी बाहेरगावाहून एक सल्लागार कंपनी पाहणीला आली. तिचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. त्यांची माणसं आली कधी? भर दुपारी! आता रत्नागिरीत दुपारी बाजार झोपतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. घरी जायचं, आमटी-भात-मासे चापायचे, पंख्याखाली आडवं व्हायचं आणि चार वाजता डोळे चोळत येऊन शटर वर करायचं. बापजाद्यांपासून हेच. त्या शहाण्यांनी बंद शटरांचे फोटो काढले आणि अहवाल दिला, की पहिल्या मजल्यावरचे बहुतेक गाळे वापरात नाहीत. आम्ही घरी घोरत होतो आणि तिकडे कागदावर आमचं मयत झालं होतं! सर्वसाधारण सभेत तो अहवाल वाचला गेला. जुनी इमारत पाडायची, बिल्डरने नवी बांधायची आणि जुन्या गाळेधारकांना जागा तळघरात. आम्ही मागे बसून ऐकत होतो. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. भाबी उठून उभ्या राहिल्या. "तळघरात ऊन कुठनं आणणार?" सभागृह हसलं. मलाही तेव्हा लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्या मात्र सगळे हसून होईपर्यंत उभ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाळेधारक जमलो. सगळे पेटलेले. मोर्चा काढू, बेमुदत बंद पाळू, कोर्टात जाऊ! भाबींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंद कशाला पाळता? बंदच तर हवंय त्यांना. उद्यापासून दुपारी दुकान उघडं ठेवायचं."

अहो, काय गोंधळ झाला म्हणून सांगू! बिल्डरविरुद्ध छाती पुढे काढणारे सगळे मर्द दुपारच्या झोपेचं नाव काढताच बसले खाली. कुणाला बीपी आठवलं, कुणाला डॉक्टरांनी आराम सांगितलेला. मी म्हटलं, "भाबी, दुपारी या गावात कुत्रं फिरत नाही, गिऱ्हाईक कुठलं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपता मास्तर, तुम्हाला काय माहीत कोण फिरतं?" दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊनच आल्या. पहिल्या आठवड्यात अख्ख्या मजल्यावर त्यांचं एकटीचंच शटर वर. मला घरी झोप लागेना. बायको म्हणाली, "तळमळताय कशाला, जा की तिकडे." गेलो. कापायच्या टेबलावर आडवा झालो, पण शटर वर ठेवून! हळूहळू बाकीचे आले. कुणाचा डोळा लागला की भाबी शटर ओढायच्या आकडीने त्याचं काउंटर बडवायच्या. ही आकडी म्हणजे त्यांच्या घरची आंब्याची फांदी ओढायची काठी, टोकाला लोखंडी हूक. त्यांचा हात शटरला पोचत नसे म्हणून आणलेली. पुढे आम्ही सगळेच तीच वापरायला लागलो आणि ती राहायची त्यांच्या गाळ्यात. जोहरचा नमाज त्या आतल्या पडद्यामागे पढायच्या, तेवढा वेळ त्यांच्या गिऱ्हाइकावर मी लक्ष ठेवायचो. रमजानात रोजा धरूनसुद्धा दुपारभर बसल्या. मी डबा खाताना संकोचून पाठ फिरवली तर म्हणाल्या, "खा हो, तुमच्या बांगड्याला माझी नजर नाही लागणार."

आणि गिऱ्हाईक आलं! पालीहून, आरे-वाऱ्याच्या बाजूने बाजाराला आलेल्या बायका दुपारभर स्टँडवर गाडीची वाट बघत बसायच्या. वर्षानुवर्षं. बाजार बंद, घरी जायला गाडी नाही, बाकड्यावर बसून घाम पुसायचा. आम्ही कधी विचारच केला नव्हता, की ज्यांना खरेदीला सगळ्यात जास्त वेळ असतो त्यांच्याच तोंडावर आम्ही शटर पाडतो. भाबींच्या बहिणी गावोगाव दिलेल्या, त्यामुळे त्यांना ते बाकडं माहीत होतं. सकाळच्या शाळेच्या बाई यायला लागल्या, नर्स यायला लागल्या. जिना आम्हीच धुऊन काढला.

मग एके दिवशी मुख्याधिकारी स्वतः आले, तेही दुपारी, न कळवता. माणूस सरळ होता. दारात थांबून म्हणाले, "अहवालात तर हे सगळं बंद आहे." भाबी गिऱ्हाइकाबरोबर गॅलरीत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "साहेब, जरा बाजूला व्हा. ऊन अडवताय." मी कपाळावर हात मारला. साहेब बाजूला झाले. रंग जुळेपर्यंत उभे राहिले. मग भाबी म्हणाल्या, "इमारत गळते, ती दुरुस्त करा. आम्ही मेलोय म्हणून सांगितलं असेल कुणी, तर ते तेवढं खोडा." साहेबांनी फेरपाहणी लावली. पाडण्याचा ठराव मागे पडला, दुरुस्तीचा झाला. पण त्याला एक शेपूट होतं: जो गाळा बंद आढळेल तो पालिका परत घेईल. आणि बिल्डर कुठे गेला नव्हता. तो वाट बघत होता.

त्याला संधी आम्हीच दिली. खालच्या मजल्यावरचे चपलांच्या दुकानाचे अण्णा वारले. रीतीप्रमाणे अख्खं मार्केट बंद. आम्ही स्मशानात आणि इकडे बिल्डरचा माणूस कॅमेरा घेऊन! पुढच्या सभेत ते फोटो फिरले. 'बघा, भरदिवसा एक दुकान उघडं नाही.' खुलासे देता देता आमची दमछाक झाली. अण्णांचा मृत्यूसुद्धा त्या लोकांनी आमच्याविरुद्ध वापरला, याचा भाबींना आला तसा संताप मी दुसऱ्या कुणाला आलेला पाहिला नाही. सगळ्यांना गॅलरीत बोलावलं आणि म्हणाल्या, "माझं ऐकून ठेवा. मी मेले तर कुणी शटर पाडायचं नाही. माझंही नाही. ज्याला रडायचंय त्याने उघड्या दुकानात बसून रडा." आम्ही म्हटलं, काय तरीच काय बोलता भाबी... आणि विषय बदलला.

त्या सकाळी जावई किल्ली देऊन गेला तेव्हा हे मला लगेच आठवलं असं नाही. बातमी ऐकल्यावर हात आपोआप शटरकडे गेला होता. पण आकडी कुठे होती? त्यांच्याच बंद गाळ्यात. म्हणून मी त्यांचं कुलूप काढलं, शटर वर सरकवलं. आत रिळांचा वास, काउंटरवर चष्म्याची दुसरी जोडी, कोपऱ्यात आकडी. ती हातात घेतली आणि काउंटर बडवल्याचा आवाज कानात आला... आणि गॅलरीतलं त्यांचं ते बोलणं आठवलं. आकडी होती तिथे ठेवली आणि बाहेर येऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं, "शटर पाडायचं नाही!" एकानेही का म्हणून विचारलं नाही.

माती दुपारचीच होती. आम्ही सगळे गडी कबरस्तानात. वर शटरं उघडी, पंखे चालू. माझी बायको तेवढी येऊन भाबींच्या स्टुलावर बसली. मूठभर माती देऊन परत आलो तेव्हा ती पीस घडी करून ठेवत होती. म्हणाली, "पालीची एक आली होती. भाबी कुठे म्हणून विचारलं."

"मग सांगितलंस?"

"आधी तिला उन्हात नेलं. रंग जुळला, मग सांगितलं. कठड्याला धरून रडली बिचारी."

आता तिथे नसीम बसते. नवी आहे, कंटाळा करते, ट्यूबखालीच पीस दाखवायला बघते. मग मी आतून ओरडतो, "बाहेर ने गो!" आणि ती तोंड वाकडं करत गॅलरीत जाते. आकडी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातून हलत नाही. माझी माणुसकी काढणाऱ्या गृहस्थांना आणि त्या कॅमेऱ्यावाल्यालाही माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. केव्हाही या, दुपारी दोनला या. फोटोही काढा. फक्त गॅलरीत उभे राहाल तेव्हा जरा बाजूला व्हा, ऊन अडवू नका.