दादाची विलायती कॉलर

नागपुरात भरतकाम कळणारी मी एकटीच आहे, अशी तेव्हा माझी पक्की खात्री होती. बाकीच्या बायका उशांच्या अभ्र्यांवर पोपट काढायच्या. हिरवा पोपट, लाल चोच, खाली 'स्वागतम्'! (झोपायला आलेल्या माणसाचं स्वागत कशाला, हे कुणी विचारत नसे.) ते पोपट पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या लायब्ररीत मला एका विलायती सरदाराचं जुनं चित्र सापडलं. पांढराशुभ्र सदरा, आणि कॉलरीवर, मनगटांवर काळ्या रेशमाची बारीक, जाळीदार वेल. बस्स! हीच वेल हातानं उतरवायची! इतवारीच्या बाजारातून काळं रेशीम आणलं, भिंग लावून टाके मोजले, दुसुतीच्या कापडाचे धागे मोजले. जाताना एक घर सोडून टाका घालायचा, येताना रिकामी घरं भरायची, म्हणजे वेल दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. डोळे गेले, मान गेली, पण सदरा झाला.

घालणार कोण? दादा. माझा मोठा भाऊ धंतोलीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता आणि स्वभावानं अतिशय गरीब. त्याला नरखेडजवळच्या एका गावी मुलगी पाहायला जायचं होतं. आधीच्या ठिकाणांहून नकार आलेले. हेही स्थळ गेलं असतं तर आईनं अंथरूणच धरलं असतं.

"पोरगी पाहायले चाललो अन् गळ्याले काळं?" आई कडाडली. "काहून वं, भावाचं लग्न होऊ द्याचं नाही काय तुले?"

"कला आहे ते! तुले नाही समजत!"

"राहू दे न, आई. घालतो मी," दादा म्हणाला.

एसटीतून उतरेपर्यंत जाडजूड दुसुती घामानं त्याच्या मानेला चिकटली होती. आई, दादा आणि मी मुलीच्या घरच्या ओसरीवर बसलो. स्थळ आणणारे मामा लगेच रंगात आले. "पोरगा दवाखान्यातला हाय. सफाई एकदम कडक! घडीघडी हात धुते!"

सगळ्यांच्या नजरा दादाच्या मनगटांवर गेल्या. काळी! मग कॉलरीवर गेल्या. तीही काळी!

"मळ पाह्य वं बाई, मळ!" मुलीची आत्या शेजारणीला म्हणाली.

मला कुठलं राहवतंय! "मळ नाही तो! मी हातानं भरलेला चारशे वर्षांपूर्वीचा नमुना आहे!"

"अवं माय! अन् चारशे वर्षांत कोनी धुतला नाही काय?"

ओसरी हसून लोटपोट. मी आणखीच पेटले. उठून दादाची कॉलर उलटी केली. "हे पाहा, आतूनही अशीच आहे!"

आत्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "आतून बी मळलाच हाय," तिनं निकाल दिला.

पुढच्या क्षणी सदरा दादाच्या अंगावरून उतरला. मुलीच्या वडिलांची ढगळ बंडी घालून तो भावी सासऱ्यासमोर अंग चोरून बसला. आत्या विहिरीवर सोडा आणि ब्रश घेऊन भिडली. रेशमाचा रंग निघाला कच्चा! काळं पाणी वाहायला लागलं, तशी तिला स्फुरण चढलं. "पाहा, पाहा! किती मळ निंगून राहिला!"

आई डोळे मिटून बसली. स्थळ गेलं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. बशा वाटल्या, दादाकडे नीट पाहिलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मले पसंत हाय. बहिणीच्या हट्टापायी जो असा सदरा घालून चारचौघांत येते, तो बायकोले काय तरास देईन? फक्त लग्नाचे कपडे या बाईच्या हातचे नको."

"मंजूर!!"

केवढी ती आरोळी! मी रागानं आईकडे पाहिलं. पण तिच्या तोंडात पोह्यांचा घास होता.

ओरडला होता दादा. जन्मात कधी आवाज न चढवलेला माझा गरीब दादा!