न पडणाऱ्यांचा वर्ग

बावीस वर्षं मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते आणि "मी पडलो" असं सरळ सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कुणी "जरा टेकलो" म्हणतं, कुणाचा "पाय गेला" असतो, कुणाला फरशीनं ओढलेलं असतं. मनगटाला प्लास्टर घालून आलेल्या एका आजोबांनी तर मला समजावलं की ते खाली बसतच होते, फक्त नेहमीपेक्षा थोडं लवकर बसले. अशा माणसांशी रोज गाठ पडली की त्यांच्या फायली कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत. घरी जेवताना सांगते, मैत्रिणींना फोनवर सांगते, तरी उरतातच.

त्यातले बरेचसे एकाच वर्गातले आहेत. मंगळवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयाचा हॉल लग्न नसेल त्या दिवशी सकाळी रिकामा असतो. तिथं आठवड्यातून तीन दिवस मी सत्तरीच्या पुढच्या मंडळींना व्यायाम शिकवते. पायांत ताकद यावी, तोल सुधारावा आणि खुबा मोडून घेऊन कुणी माझ्याकडे येऊ नये, एवढाच हेतू. दारावर मी 'तोल वर्ग' अशी पाटी लावली होती. पहिल्याच आठवड्यात दोन जण वजनकाटा कुठाय म्हणून विचारून गेले.

*

शिंदे आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. वय शहात्तर. वर्षात दोनदा पडले, दोन्ही वेळा स्वतःच्या अंगणात, भर उजेडात. त्यांची मुलगी त्यांना जवळजवळ धरूनच घेऊन आली.

नवीन माणूस आला की मी एक साधी चाचणी घेते. खुर्चीतून उठायचं, समोर जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. मी वेळ मोजते. वेळ जेवढा जास्त, तेवढी काळजी जास्त.

आबा उठले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि सरळ चालत पट्टीपर्यंत गेले. तिथं थांबले. उजवा हात बाहेर काढला. आणि मग खांद्यावरून मागं बघत, उलट पावलांनी, अख्खं अंतर मागं येऊन बरोबर खुर्चीत बसले.

मी म्हटलं, आबा, वळायचं होतं.

"वळायला जागा न्हाय मॅडम. असल्या जागंत गाडी रिव्हर्सच घ्याची."

सगळा हॉल हसला, मुलीनं कपाळाला हात लावला. हसून झाल्यावर मला सुचलं म्हणून विचारलं, अंगणात पडलात तेव्हा काय करत होतात? दोन्ही वेळा ते गेटपाशी जाऊन माघारी वळत होते. वळताना त्यांना गरगरायचं. घरात कुणाला हे बोलले नव्हते, गुपचूप वळणंच बंद करून टाकलं होतं. मग मी त्यांना स्टँडवर गाडी वळवतात तसा मोठा गोल घेऊन, छोट्या पावलांनी वळायला शिकवलं. दुसऱ्या कुणाला हे शिकवायला महिना लागतो. आबा एका सकाळीत शिकले.

काठी मात्र तीन आठवडे नको म्हणत होते. काठी म्हाताऱ्यानं घ्याची, असं त्यांचं मत. मग एक दिवस स्वतःच घेऊन आले. काठीला वर सायकलची घंटी आणि मागं लाल रिफ्लेक्टर. आता रोज संध्याकाळी ते घंटी वाजवत रंकाळ्यावर फिरतात. मध्यंतरी पळायला आलेला एक तरुण त्यांच्या डाव्या बाजूनं पुढं गेला, तर त्याला थांबवून आबांनी लायसन विचारलं.

*

अक्काताई मगदूम यांचं माहेर पेठ वडगाव, सासरी कापडाचा मोठा व्यापार. गुडघे कमजोर, बाकी सगळं खणखणीत. त्यांच्या घरात पडण्यासारखं काय काय आहे ते बघायला मी एकदा गेले. आरशासारखी फरशी आणि तिच्यावर अकरा पायपुसणी. पाऊल ठेवलं की प्रत्येक पायपुसणं वीतभर पुढं जात होतं. मी म्हटलं, ही सगळी आजच उचला.

अक्कांनी मला हळूच बाजूला घेतलं. निळं पायपुसणं विहीणबाईंनी दिलेलं, देवघरापुढचं नणंदेनं विणलेलं, जिन्यापाशी होतं ते धाकट्या जावेचं. एक उचललं की एक माणूस रुसणार. थोडा विचार करून त्यांनी कागद-पेन आणलं.

"असं करा, औषधाच्या कागदावर लिवून द्या. डॉक्टरनं बंद केलंय म्हटलं की कोण बोलत न्हाय."

मी लिहिलं : पायपुसणी, नग अकरा, ताबडतोब बंद. खाली सही, शिक्का. दुपारपर्यंत अकराच्या अकरा माळ्यावर गेली. पुढच्या आठवड्यात अक्कांनी सुनेच्या माहेरून आलेल्या टीपॉयसाठी दुसरी चिठ्ठी मागितली. टीपॉय खरंच बाथरूमच्या वाटेत होता, म्हणून तीही दिली.

त्यानंतरच्या सोमवारी वर्ग सुटल्यावर त्यांची सून आत आली. सासूबाई बाहेर चपला घालतायत याची खात्री करून घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, अक्कांच्या लग्नातला मोठा पितळी हंडा हॉलच्या कोपऱ्यात आहे, त्याच्यासाठी एक चिठ्ठी मिळेल का?

"वाटेत येतो का?" मी विचारलं.

"उद्यापासनं येईल की."

*

चौगुले सर गणिताचे शिक्षक होते. सिद्धता दिल्याशिवाय ते काहीच मान्य करत नाहीत. मी वर्गात सांगितलं होतं की बाथरूममध्ये धरायला मजबूत दांडी बसवून घ्या, आणि बसता-उठताना काहीही झालं तरी ती सोडू नका. सरांचं म्हणणं, टॉवेलची दांडी आहे की, आणखी एक कशाला? मी म्हटलं, टॉवेलची दांडी टॉवेलसाठी असते. दुसऱ्या दिवशी सर दोन पानं गणित मांडून घेऊन आले. स्वतःचं वजन, दोन स्क्रू, दांडीची लांबी, सगळं होतं. दांडी टिकते, असं खाली लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्याच आठवड्यात गुरुवारी सर उशिरा आले. डाव्या कोपराला बँडेज. उजव्या हातात टॉवेलची दांडी, दोन्ही टोकांना स्क्रू आणि एका स्क्रूला भिंतीच्या फरशीचा तुकडा. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही सांगितलं होतं, काहीही झालं तरी सोडू नका," सर म्हणाले. "सोडली नाही."

*

पडू नये हे शिकवते, तसं पडल्यावर उठावं कसं हेही शिकवावं लागतं. घरात एकटं असताना पडलेल्या माणसाला बऱ्याचदा फार लागलेलं नसतं, पण उठता येत नाही म्हणून तो तासन्‌तास तसाच राहतो. म्हणून एका सकाळी मी सगळ्यांना सतरंज्यांवर आडवं व्हायला सांगितलं. आधी दोन मिनिटं शांत पडून राहायचं, श्वास घ्यायचा, कुठं दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं आणि खुर्चीला धरून उभं राहायचं.

नऊ जण डोळे मिटून निवांत पडले होते. तेवढ्यात दार उघडलं आणि मॅनेजर एका कुटुंबाला हॉल दाखवायला आत घेऊन आला. मुलीचं लग्न ठरलेलं, आई, वडील, मामा, सगळे आलेले. ते दारातच थबकले. मुलीच्या आईनं पदर डोक्यावर घेतला.

वडिलांनी माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात काय झालं म्हणून विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत शिंदे आबांनी पडल्या पडल्याच एक डोळा उघडला.

"या पावणं. काय न्हाय, आमी पडलोय. तुमी बघा निवांत."

लग्न दुसऱ्या कार्यालयात झालं. मॅनेजर पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

*

आम्ही एकदा पन्हाळ्यालाही गेलो. आदल्या दिवशी मी मोठं भाषण दिलं. चपला नको, बूट घाला. एक हात कायम मोकळा ठेवा. चालताना मोबाईल नाही. पायरी दिसली की आधी बघा, मग पाय टाका. सगळ्यांनी अगदी शाळेतल्या मुलांसारखं ऐकलं. अक्का जरीकाठाच्या साडीवर नवे पांढरे स्पोर्ट्स शूज घालून आल्या होत्या. ते इतके छान दिसत होते की मी फोटो काढायला म्हणून मोबाईल घेऊन मागं मागं सरकत गेले.

मागं एक पायरी होती.

फार लागलं नाही. मी लगेच उठायला गेले तर कुणी उठू देईना. आबांनी दोन्ही हात पसरून पर्यटकांची वाहतूक दुसऱ्या बाजूनं वळवली. चौगुले सर घड्याळ लावून दोन मिनिटं मोजत बसले. अक्का शेजारच्या कट्ट्यावर बसून मला सूचना द्यायला लागल्या. आधी श्वास, मग कूस, मग गुडघे. मी घाईघाईत उठून कपडे झाडले, तर अक्कांनी मान हलवली. म्हणाल्या, मधे कूस राहिली, परत झोपा.

मी परत झोपले. शेजारी कणसं भाजणाऱ्या बाईनं काम थांबवून सगळा प्रकार शेवटपर्यंत बघितला.

*

देसाई बाई आमच्या वर्गाला येत नसत. मीच दर बुधवारी राजारामपुरीत त्यांच्या घरी जात असे. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. वय एक्याऐंशी, एकट्याच राहतात. एकदा स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण कामवाली येईपर्यंत सबंध सकाळ फरशीवर होत्या. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. चौदा महिने. पाय उत्तम होते. ओट्याला धरून एका पायावर इतका वेळ उभ्या राहायच्या की माझ्या वर्गातलं कुणी राहिलं नसतं. पण दाराबाहेर म्हटलं की पुढच्या आठवड्यात, असं म्हणायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. मी आग्रह केला की त्या पुसलेला ओटा परत पुसायला घ्यायच्या. मग मी विषय सोडून द्यायचे.

मुलगा समीर मेलबर्नला. त्यानं आईसाठी एक घड्याळ पाठवलं. हातात घालायचं, आणि माणूस पडला की ते स्वतः ओळखतं. आधी पडलात का म्हणून विचारतं, उत्तर आलं नाही की थेट मुलाला फोन लावतं.

बाई रोज साडेअकराला भाकरी थापतात. जोरात थापतात. घड्याळाला वाटायचं, पडल्या. ते विचारायचं, पण पिठाचे हात, बाई कशाला उत्तर देतील? की मेलबर्नला फोन. पहिल्या आठवड्यात समीरनं मला तीनदा पळवलं. तिन्ही वेळा बाईंनी पिठाच्या हातानं दार उघडलं आणि आलाच आहात तर जेवून जा म्हणाल्या. भाकरी करताना घड्याळ काढून ठेव, असं त्यानं सांगून बघितलं. घड्याळ हातातून काढायचं नाही हे तूच सांगितलंस, असं त्याला मुख्याध्यापिकेचं उत्तर मिळालं.

मग तो सरावला. संध्याकाळी ऑफिसात फोन वाजला की आईची भाकरी झाली, एवढं त्याला कळायचं. त्याच्या शेजारच्या टेबलवाल्यांनाही कळायला लागलं.

एका मंगळवारी दुपारी साडेबाराला त्याचा मला फोन आला. आवाज कापत होता.

"मॅडम, आज घड्याळ वाजलंच नाही."

आईला पाच वेळा फोन लावला, ती उचलत नाही, असं म्हणाला. मी हातातलं काम टाकलं आणि स्कूटर काढली. राजारामपुरीत पोचले, हेल्मेट न काढताच बेल दाबली. हाका मारल्या. समीर ऑफिसच्या फोनवरून आईला लावतच होता, आतून त्यांचा मोबाईल वाजल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. हेल्मेटात खोचलेल्या माझ्या मोबाईलवर समीर होताच, त्याला बेल ऐकू जात होती, हाका ऐकू जात होत्या. तो सारखं म्हणत होता, दार तोडा मॅडम, मी सांगतो, तोडा.

दार हलवून बघावं म्हणून मी कडीला हात घातला आणि थांबले.

"समीर," मी म्हटलं, "दाराला कुलूप आहे."

"आतून?"

"बाहेरून."

"चौदा महिने," तो पुटपुटला.

"मॅडम," तो मग म्हणाला, "जरा ओढून बघता का, नीट लावलंय ना?"

मी ओढून बघितलं. नीट लावलं होतं.