फाटकाबाहेर

पुंडलिकराव उमाठे जबलपुरात कारखान्याच्या फाटकावर दरबान होते. सकाळचा भोंगा वाजला की फाटक बंद. मग उशिरा आलेला साहेब असो की सख्खा भाऊ, राहा उन्हात उभे.

धाकटा भाऊ हार्ट अटॅकनं गेला, तेव्हापासून मात्र त्यांची बोटं सदा स्वतःच्याच नाडीवर. मुलीची मंगलाष्टकं चालू होती, तेव्हाही ते दवाखान्यात ईसीजी काढत होते. ईसीजी ठीक निघाला. अक्षता टाकायच्या राहून गेल्या.

सगळं तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. नाडी पाहून पाहून तुम्हीच भीतीला खायला घालता. हात आवरा, ती आपोआप थकेल."

"आपोआप काहून? मी रडवतो तिला," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या पोरीचं लग्न खाल्लं तिनं."

नातीच्या बारशाला छाती धडधडू लागली. बोटं मनगटाकडे निघाली, तशी त्यांनी दोन्ही हातांनी पाळण्याची दोरी धरली. धडधड वाढली, घाम फुटला, दोरी सुटली नाही. बायका पाळणा म्हणत होत्या आणि पुंडलिकराव दात आवळून पुटपुटत होते, "भोंगा वाजला. आता राह्य उन्हात उभी."