वर्दीची इस्त्री

वासनिक वहिनी कधी दार वाजवत नसत. "दार वाजवाले मी का पोस्टमन हाव?" म्हणत त्या मागच्या दाराने थेट माझ्या स्वयंपाकघरात येत, झाकण उचलून भाजी बघत आणि तिला नावं ठेवत. रायपूरच्या समता कॉलनीत आम्ही वीस वर्षं शेजारी. त्यांचे यजमान हवालदार होते. त्यांच्या वर्दीला इस्त्री करण्यात वहिनींचा जन्म गेला.

दोन वर्षांपूर्वी अशाच आल्या, तेव्हा मी टेबलाशी ताठ बसलो होतो. समोर मोबाइल, मोबाइलमध्ये इन्स्पेक्टर. माझ्या नावाच्या पार्सलात नशेच्या गोळ्या सापडल्या होत्या म्हणे. मला घरातच अटक होती. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. सकाळपासून मी लघवीलाही परवानगी काढून जात होतो. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून माझी इतकी चौकशी कुणी केली नव्हती.

"भाऊजी, पुतळ्यावानी काहून बसून राहिले?" म्हणत वहिनी मोबाइलमध्ये डोकावल्या. "क्यों भैया, आस्तीन पर क्रीज कहाँ है? किराए की वर्दी है क्या?"

तो ओरडू लागला. वहिनींनी फोन बंद केला आणि मला ई-रिक्षात घालून ठाण्यात नेलं. तिथल्या तरुण मॅडमनी तक्रार नीट लिहून घेतली. नाव बाहेर जाणार नाही, म्हणाल्या. "पर अंकल, संडे को कॉलोनी में मीटिंग है। आप खुद बताएँगे, तो बाकी लोग भी मुँह खोलेंगे।" मी हो म्हटलं.

सभेत मॅडमनी विचारलं, "यहाँ किसी के साथ हुआ है?" रेल्वेतला हेडक्लार्क मी, कॉलनीतला हुशार माणूस. खुर्चीला चिकटून राहिलो. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठल्या. "मेरे साथ हुआ."

माझी सगळी कथा त्यांनी आपली म्हणून सांगितली, लघवीच्या परवानगीसकट. सभागृह हसलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. सभा संपल्यावर दोन म्हातारे हळूच मॅडमजवळ गेले आणि बोलत बसले.

घरी येताना मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही काहून उठल्या?"

"तुमचे गुडघे दुखते ना. उठाले वेळ लागला असता."

पुढे कॉलनीतली पोट्टी त्यांना 'अरेस्टवाली आंटी' म्हणू लागली. त्याही "हव, हव" करत हसत.

मागच्या महिन्यात वहिनी गेल्या. शोकसभेत कुणीतरी तोच किस्सा सांगितला: बाई हवालदाराची, पण नकली पोलिसाला फसली. लोक हसले. मीही हसलो.

त्या फसल्या नव्हत्या. फसलो होतो मी. आणि माझे गुडघे तेव्हाही ठणठणीत होते.